घरचं रक्त

त्या दिवशी काट्यावर माझं वजन सेहेचाळीस किलो भरलं आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची आजही लाज वाटते.

पंचेचाळीसच्या खाली वजन असेल तर रक्त घेत नाहीत, हे मला कॉलेजच्या रक्तदान शिबिरात कळलं होतं. शिबिरात मी फक्त नावं लिहून घ्यायचं काम केलं होतं, कारण तेव्हा माझं वजन बेचाळीस होतं. या वेळी मात्र एसटीतून उतरल्यावर मी तीन केळी खाल्ली आणि रक्तपेढीच्या दारात बाटलीभर पाणी प्यायले. आत पलंगावर पडून मुठीतला रबरी चेंडू दाबताना मला वाटत होतं, आज मी घरच्या उपयोगी पडते आहे. माझ्या शिक्षणाचा घरात कुणाला खरा उपयोग झाला, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आजारी होता माझा दादा. आम्ही दोघंच भावंडं, तो चार वर्षांनी मोठा. आमचं घर तोंडवलीच्या किनाऱ्यावर आहे. बाबा आणि दादा रापणीवर जायचे. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि मग त्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून तीस-चाळीस माणसं ते वाळूवरून ओढून काढतात, ती रापण. आई मालवणच्या बाजारात मासे विकायला बसते. बारावीच्या पुढे शिकलेली घरात मी पहिली. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बँकेत, तहसीलला, दवाखान्यात बोलायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात. घरात मालवणी बोलणारी मी तिथे गेले की पुस्तकातल्यासारखी मराठी बोलते. त्या मराठीचा मला अभिमान होता.

दादाच्या खांद्यावर आणि दंडावर काळेनिळे डाग उठायला लागले, तेव्हा ते आम्हाला दोराचे वळ वाटले. रापण ओढणाऱ्या कुणाच्या अंगावर वळ नसतात? मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग ताप आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट फार कमी होत्या. डेंग्यूच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. आईने पपईच्या पानांचा रस काढून त्याला पाजला. तो ओकला. आठ दिवसांनी रक्तच कमी झालं आहे, पिशव्या चढवाव्या लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आमच्याकडे रापणीला कुणाला बोलवावं लागत नाही. होडी वळलेली दिसली की ज्याला दिसली तो येतो आणि दोराला हात लावतो. तसेच रापणीवरचे अकरा जण टेम्पोत बसून रक्तपेढीत आले. पण माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, त्यांच्या पुढे उभे राहिले.

"भायलां रगत कित्या व्हयां? घरात माणसां आसत मा? आदी घरचां."

मग सगळे माझ्याकडे वळले. काकांनी विचारलं, "गो, तू शिकलंस. सांग बगया, घरचां चलता?"

पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये आम्ही बोटाला टोचून आपापला रक्तगट काढला होता. माझा ओ पॉझिटिव्ह. दादाचाही तोच, बाबांचा आणि काकांचाही. मी जराही न अडखळता म्हटलं, "चलता म्हंजे? बरांच आसा उलट. आमचां सगळ्यांचां एकच रगत."

रक्तपेढीतला माणूस म्हणाला होता, "गट जुळला की झालं. तुमच्या पिशव्या आम्ही ठेवून घेतो आणि आमच्याकडच्या तयार देतो, तेच बरं." काका ऐकेनात. मग मीच पुढे होऊन माझ्या स्वच्छ मराठीत त्याला समजावलं, की सर, घरच्यांची तशी भावना आहे, आपण कृपया आमच्याच पिशव्या द्याव्यात. त्याने खांदे उडवले. तीन आठवड्यांत दादाला बाबांचं, काकांचं आणि माझं रक्त चढलं. माझी पिशवी संपत आली तेव्हा तो डोळे मिचकावून म्हणाला, "तुजां रगत चडल्यापासून माका इंग्लिश समजूक लागलां."

त्याचे ओठ खरंच गुलाबी झाले होते. पण पंधरा दिवसांतच पुन्हा पांढरे पडले.

हा डेंग्यू नाही, मोठ्या ठिकाणी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोल्हापूरला जाताना ॲम्ब्युलन्समध्ये फोंडाघाटाच्या बाजारात दादाच्या नाकातून रक्त सुरू झालं. बाबांनी उतरून शीतपेयाच्या दुकानातून बर्फ आणला. तो रुमालात धरून मी त्याच्या नाकावर दाबत होते, आणि सगळा घाट चढेपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट होती, की या रुमालात आता कुणाचं रक्त आहे? बाबांचं, काकांचं की माझं? कोल्हापुरात त्याला रक्तपेढीच्या सहा पिशव्या चढवल्या, कमरेच्या हाडातून नमुना काढला आणि आम्हाला पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टर बाई मूळच्या दक्षिणेकडच्या. मराठी त्यांना येत होती, पण सावकाश बोललेली. आईची घाईघाईची मालवणी त्यांच्या कानावरून जायची. म्हणून मी मध्ये बसले. त्यांनी जे सांगितलं ते मी वाक्यावाक्याने घरच्यांना सांगत गेले: हाडांच्या पोकळीत, बोन मॅरोमध्ये, रक्त तयार होतं. दादाची ती जागाच रिकामी होत चालली आहे. वरून रक्त देत राहून किती दिवस पुरणार? दुसऱ्या कुणाचा तरी मॅरो घालावा लागेल आणि तो त्याच्याशी जुळायला हवा.

"आमचो गट एकच आसा," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. बाईंनी मान हलवली. रक्तगट वेगळा, हे वेगळं. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर काही खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. त्या खुणांवरून शरीर आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतं. हे बाबांना कसं सांगावं मला कळेना. मग म्हटलं, बाबा, जाळ्यावर तरंगणाऱ्या बोयांना आपण लाल रंगाचा पट्टा मारतो, शेजारचे हिरवा मारतात, तसं. त्यांना लगेच कळलं. "मगे दुसऱ्याचा बोया दिसलो तर आंग तेका भायर टाकता," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

बाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला आईच्या दोन आणि बाबांच्या दोन रेघा काढल्या. प्रत्येक मुलाला आईकडून एक येते, बाबांकडून एक. म्हणजे आई किंवा बाबा मुलाशी अर्धेच जुळतात. मग त्यांनी खाली चार चौकोन आखले: बहीणभाऊ पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. बारावीला मी वाटाण्याच्या रोपांचे असेच चौकोन काढले होते आणि त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. आता त्या चार चौकोनांतल्या एकावर बाईंची पेन्सिल टेकली होती.

मग त्या फॉर्म भरायला लागल्या. "आतापर्यंत किती पिशव्या दिल्या? घरातल्या कुणाचं रक्त दिलं आहे का?"

'घरातल्या' एवढा शब्द आईने पकडला. माझ्या आधीच ती बोलली, "व्हय तर! ह्येंचां, तेच्या काकाचां आणि ह्या चेडवाचां. घरचांच दिलंव आमी." चेडू म्हणजे मुलगी, मी. तिच्या आवाजात अभिमान होता.

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी मला विचारलं.

इथे मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाहेर बाकावर आम्ही दोन तास बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवरचा कागद मी चारदा वाचला होता. मॅरो प्रत्यारोपण होण्याची शक्यता असेल तर रुग्णाला जवळच्या नातेवाइकांचं रक्त देऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. का देऊ नये, ते लिहिलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, मी रक्त दिलंय हे कळलं तर हे मला तपासणारच नाहीत. आम्ही दोघंच आहोत. मी बाद झाले तर दादाला कोण उरलं?

मी म्हटलं, "त्या म्हणतात, नऊ पिशव्या दिल्या. रक्तपेढीतून."

बाईंनी ते लिहून घेतलं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांगलंस मा सगळां?"

"होय," मी म्हटलं.

माझ्या हातातून नमुना घेतला, दादाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून त्याचा घेतला. अहवालाला दहा-बारा दिवस लागणार होते. त्या दिवसांत दादाला प्लेटलेटच्या पिशव्या चढत होत्या. पिवळसर, ताकाच्या निवळीसारख्या. पिशवी चढवायच्या आधी रक्त तपासायचे आणि संपल्यावर तासाभराने पुन्हा. आकडा वाढायला हवा होता. पहिल्या दिवशी आठ हजारांचे नऊ झाले. दुसऱ्या पिशवीनंतर पुन्हा आठ. तिसरीनंतर सात. नर्स कागद बघायची, दादाकडे बघायची आणि निघून जायची. एका सकाळी दादाच्या डाव्या डोळ्यात पांढऱ्याच्या जागी लाल उतरलेलं दिसलं. डोक्यात असं झालं तर काय होतं, ते बाईंनी मला सांगितलं आणि आईला सांगू नको म्हणाल्या. ते मात्र मी खरोखर पाळलं.

बाई म्हणाल्या, "याचं शरीर प्लेटलेट मारून टाकतंय. कधीतरी परक्या खुणा बघून त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या आहेत. पण नऊ पिशव्यांत एवढ्या?" हे त्या स्वतःशीच बोलत होत्या. मी खिडकीकडे बघत उभी राहिले. मला सांगायचं होतं. रोज जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत मी वाक्य जुळवायचे आणि दार आलं की ते विसरायचे.

इकडे गावात वेगळीच चिंता चालली होती. आईच्या शेजारी मासे विकणाऱ्या मावशींचा फोन यायचा. "गो, चेडवाच्या कमरेत सुयो मारतले म्हंतत. लगीन व्हावचां आसा तिचां. मगे बाळातपणात काय झालां तर?" आई मला विचारायची, मी बाईंना विचारायचे, बाई समजावून सांगायच्या, की काढलेला मॅरो काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. मी ते आईला सांगायचे. आई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायची. दादाचं आणखी वेगळं. "तुजां रगत माज्यात तयार होतलां ना? मगे माका मिशी येतली काय नाय?" त्याचे ओठ सुकून फुटले होते आणि तो हसताना जपून हसत होता.

अहवाल आला. आईकडून आलेली रेघ तीच, बाबांकडून आलेली तीच. दादाच्या आणि माझ्या सगळ्या खुणा जुळत होत्या. आई रडली. बाबांनी भिंतीला कपाळ टेकलं. काकांना फोन केला आणि तासाभरात सगळ्या किनाऱ्याला कळलं. फोनवर काकांच्या मागून कुणीतरी ओरडत होतं, "चेडू पास झालां रे!"

मी धीर करून बाईंना म्हटलं, "मॅडम, मग आता माझ्याच प्लेटलेट द्या त्याला. माझ्या मरणार नाहीत ना? खुणा सारख्या आहेत."

"नाही मरणार," त्या म्हणाल्या. "पण घ्यायच्या नाहीत. मोठ्या खुणा सारख्या असल्या तरी बारीक बारीक खुणा वेगळ्या असतात. तुझं रक्त आत्ता त्याच्या शरीराने पाहिलं, तर ते तुला ओळखून ठेवेल. मग तुझा मॅरो घातल्यावर तो बाहेर टाकायचा प्रयत्न करेल. म्हणून तुला राखून ठेवायचं. तुझा एक थेंबही त्याला जाता कामा नये."

त्या दोन पावलं पुढे गेल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, गेला आहे."

त्या थांबल्या.

"माझं रक्त त्याला दिलंय. एक पिशवी. बाबांची एक, काकांची एक. आईने तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल उघडली, तो फॉर्म काढला आणि पेन माझ्या हातात दिला. "कधी, कुणाचं, किती. तुझ्या अक्षरात लिही." मी व्हरांड्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर फॉर्म ठेवून लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात. त्या दिवशीचं मला आजही वाचवत नाही.

मग त्यांनी मला बसवून सांगितलं. बाबा आणि काका यांच्या ज्या खुणा दादात नव्हत्या, त्या त्याच्या शरीराने परक्या म्हणून ओळखल्या असणार. तशाच खुणा आणखी हजारो लोकांच्या पेशींवर असतात. म्हणून येईल ती पिशवी मरते आहे. हे आधी कळलं असतं तर त्यांनी आधीच वेगळे दाते शोधायला घेतले असते. माझ्या पिशवीने काय केलं ते आत्ता सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित मॅरो रुजणार नाही. प्रत्यारोपणाआधीची औषधं बदलून, जास्त जोराची द्यावी लागतील.

"म्हणजे मी बाद?" मी विचारलं.

"बाद नाहीस. पण दिवस वाया गेले," त्या म्हणाल्या. एवढंच.

बाबांना मी खाली चहाच्या टपरीपाशी सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "रगत दिलंस, तेत तुजी चूक नाय," ते म्हणाले. "तां आमीच तुका इचारलंव. सांगूक नाय, तेत आसा." मग त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. आईला त्यांनीच सांगितलं. ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

आता दादाच्या खुणांशी जुळणारा दुसरा कुणीतरी प्लेटलेट देणारा हवा होता. बाबांनी गावात फोन केला. चौथ्या दिवशी रापणीवरचे ते अकरा जण आणि काका रुग्णालयाच्या दारात हजर. बाराही जणांच्या अंगावर इस्त्रीचे शर्ट. सगळ्यांनी बाह्या वर केल्या. मी काकांना बाजूला घेतलं.

"काका, तुमी नको."

"कित्या? माजां रगत नासलां काय?"

"नासूक नाय. तुमी घरचे म्हणान नको."

काकांना ते पटेना. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना घरातून बाहेर काढलं होतं. "घरच्याचां नको आणि भायल्याचां व्हयां? ह्यो खंयचो न्याय गो?" अकरांपैकी एक म्हातारा रापणकर म्हणाला, "गप ऱ्हव रे. भायलो म्हणान एकदा तरी माका कोणी इचारल्यान, माका बरां वाटलां." सगळे हसले. काकाही शेवटी हसले, पण आवळलेली मूठ त्यांनी सोडली नाही.

अकरांपैकी एकही जुळला नाही. त्यांच्या पेशी दादाच्या रक्तातल्या पाण्यात मिसळून बघितल्या, त्या पाण्याने सगळ्यांना नाकारलं. त्यांनी मग दुसऱ्या रुग्णांसाठी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. दादाचे आकडे त्या दिवशी पाच हजारांवर आले होते. बाईंनी त्याला पलंगावरून उतरायला, दात घासायला, जोरात खोकायलाही मनाई केली. मी त्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजायचे. मला वाटायचं, याच्या अंगात जे काही चाललं आहे ते मी शिकवलं आहे. "आमचां सगळ्यांचां एकच रगत," असं मीच म्हटलं होतं.

दोन दिवसांनी रक्तपेढीच्या यादीत एक माणूस सापडला. कोण, कुठला, ते सांगत नाहीत. तो फोनवर हो म्हणाला, तीन तास खुर्चीत बसून प्लेटलेट देऊन गेला. ती पिशवी चढली. तासाभराने कागद आला. एकतीस हजार. मी नर्सकडून तो आकडा दोनदा वाचून घेतला.

आईला कळल्यावर तिने पिशवीतून सुक्या सुंगटांची पुडी काढली. गावाहून येताना बरोबर घेतलेली ती सुकी कोळंबी तिने पुण्यात कुणाला हात लावू दिला नव्हता. "ही तेका देवा," ती नर्सला म्हणाली. नर्स म्हणाली, असं देता येत नाही, नाव सांगता येत नाही. आई म्हणाली, "नाव नको. माशे खाता काय नाय, तेवढां तरी इचारा." ते मी नर्सला शब्दन् शब्द सांगितलं. त्या दिवशी आई माझ्याशी पहिल्यासारखी बोलली.

तोच माणूस आणखी दोनदा आला. मग मला भूल देऊन माझ्या कमरेच्या हाडातून मॅरो काढला. जाग आली तेव्हा कंबर दिवसभर ओणवं राहून भात लावल्यावर दुखते तशी दुखत होती. त्याच दुपारी ती पिशवी दादाला चढली. दिसायला साध्या रक्तासारखीच. आधीच्या औषधांनी त्याचे केस गेले होते, तोंडात फोड आले होते, त्याचं स्वतःचं सगळं संपवलं होतं. माझं रुजलं नाही तर परत जायला जागा नव्हती.

त्याला काचेच्या आत ठेवलं होतं. रोज सकाळी आकडा यायचा. आई बाहेरून मला विचारायची, बाबा रापणीवरून आल्यावर विचारते तसं, "काय गावलां?"

"काय नाय."

पहिला आठवडा काही नाही. दहावा दिवस, बारावा दिवस, काही नाही. मला त्या दिवसांत स्वतःच्या अंगाचा राग यायचा. मनगटावरची निळी शीर दिसली की वाटायचं, एकदा चुकीच्या वेळी गेलीस, आता बोलावलं तर येत नाहीस. चौदाव्या दिवशी बाई काचेबाहेर माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी दोनशे आल्या. मी आईला सांगितलं, "दोनशे गावले." अठराव्या दिवशी साडेतीनशे. एकविसाव्या दिवशी सहाशेच्या वर. आईने विचारलं, सहाशे म्हणजे पुष्कळ की थोडे? मी म्हटलं, निरोगी माणसाला हजारांनी असतात. ती म्हणाली, "आसांदे. पयली होडी इली."

आता आम्ही घरी आहोत. दादाला केस आले आहेत, मिशीही आली आहे. तोंडाला मास्क, उकळलेलं पाणी, ताजा शिजवलेला मासा, गर्दी नाही, रापण नाही. दर काही आठवड्यांनी पुण्याला जायचं. आता भीती अशी, की रुजलेला माझा मॅरो त्याच्या अंगालाच परकं समजायला नको. पुरळ, जुलाब, ताप, काहीही झालं तरी लगेच सांगायचं, असं बाईंनी बजावलं आहे.

मागच्या खेपेला त्यांच्यासमोर आम्ही बसलो होतो. त्यांनी विचारलं, काही त्रास? दादा म्हणाला, काही नाही. आई लगेच बोलली, "काय नाय कसां? शुक्रवारी ह्यो रापणीर गेल्लो. दोर ओढल्यान. काल आंग गरम होतां तेचां. माका सांगूक नाय, मीच हात लावन बगलंय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या आतून हळूच म्हणाला, "सांगा नको. परत ठेवन घेतली माका."

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी मला विचारलं.

ते डोळे मी ओळखत होते. फोंडाघाटात रुमालावरून माझ्याकडे बघत होते तेच. तीन महिने त्याने किनारा लांबून पाहिला होता. एक दिवस दोराला हात लावला, त्यात काय? कदाचित साधा ताप असेल. मी एक क्षण थांबले, हे मी इथे लिहून ठेवते.

मग मी सांगितलं. शुक्रवार सांगितला, दोर सांगितला, काल किती वाजता अंग गरम लागलं ते आईला विचारून सांगितलं. हेही सांगितलं, की त्याने घरी लपवलं आणि आत्ता मला सांगू नको म्हणाला.

"माज्या आंगात रगत तुजां, आणि चुगली पण तूच करतंस?" दादा म्हणाला.

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. आम्ही पुन्हा त्याच बाकावर, त्याच भिंतीसमोर बसलो. कागद अजून तिथेच आहे, कोपरा फाटलेला. दोन तासांनी आकडे आले. प्लेटलेट लाखाच्या वर. पांढऱ्या पेशी ठीक. ताप कशाचा ते मात्र कळलं नाही. बाई म्हणाल्या, दोन दिवस ठेवून बघू.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला सांगितलं, आकडे बरे आहेत, तापाचं अजून कळलेलं नाही, दोन दिवस इथे राहायचं आहे, कदाचित जास्तही.

"तू तिका सगळां सांगलंस?"

"सगळां."

तिने मान हलवली, पिशवीतून दादाचा टॉवेल आणि पेला काढला आणि ती वॉर्डच्या दिशेने चालायला लागली. दादा रागाने पाय घासत तिच्यामागे. मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. त्याने झटकला, मी पुन्हा लावला.